गणपतीच्या स्टिकरखालची गिटार

काकूंनी फोनवर दोन प्रश्न विचारले. पहिला, "किती येतील रे हिचे?" आणि लगेच दुसरा, "वाजेल का पण?" पहिला त्यांनी इतरांच्या वतीने विचारला होता आणि दुसरा स्वतःच्या, हे आवाजावरून कळत होतं.

काकू स्कोकीला राहतात, शिकागोच्या उत्तरेला. काका १९६७ साली इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आले आणि इथलेच झाले. त्यांची गिटार तीसेक वर्षं बेसमेंटमध्ये, घर गरम करायच्या भट्टीच्या बाजूच्या कपाटात उभी होती. काका गेल्यावर आवराआवरीत ती वर आली. पंधरा वर्षांच्या नातीने ती बळकावली, पण पहिल्याच दिवशी तिची बोटं सोलून निघाली. एका पार्टीत कुणीतरी सांगून गेलं, "व्हिंटेज आहे, दोन-तीन हजार डॉलर कुठे गेले नाहीत." मग काकूंनी ती एका दुकानात दाखवली. तिथे नुसत्या मानेच्या कामाचे साडेचारशे डॉलर सांगितले आणि वर सल्ला मिळाला, त्यापेक्षा नवी घ्या. तीन हजार आणि शून्य यांच्या मध्ये ही बाई अडकली होती.

मी गिटारी दुरुस्त करतो तो हौसेने, शनिवार-रविवारी, गॅरेजमध्ये. जुन्या स्वस्त गिटारीच जास्त. महागड्या गिटारीवर हात चालवायची माझी छाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुठ्ठ्याची पेटी उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत मध्यम अंगाची, तपकिरी पाठीची गिटार. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, जिथे कंपनीचं नाव असतं बरोबर तिथे, सिद्धिविनायकाचं स्टिकर. पिवळं पडलेलं, कडा उचललेल्या. मी नख लावणार तोच काकू म्हणाल्या, "ते काढायचं नाही हं. ह्यांनी लावलंय." वादाचा प्रश्नच नव्हता. तसंही त्या काळातल्या गिटारींवरची नावं बऱ्याचदा डीकल किंवा स्टेन्सिलची, म्हणजे वरून चिकटवलेली किंवा रंगवलेली असतात. स्टिकर ओढलं असतं तर बाप्पांबरोबर नावही निघून आलं असतं.

म्हणजे ओळख पटवायची ती चेहरा झाकलेल्या माणसाची. अशा वेळी मी आधी पोटात बघतो. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरतं. साउंडहोलमधून, म्हणजे मधल्या गोल भोकातून आत पाहिल्यावर पाठीच्या लाकडावर रबरी शिक्क्याची पुसट शाई दिसली. टॉर्च सरळ न धरता अगदी तिरका, लाकडाला घासून जाईल असा धरला, तेव्हा अक्षरं उमटली. काही आकडे, त्यांच्यामागे एच १६२, आणि जरा बाजूला एफ-६४.

हा शिक्का दिसला की निम्मं काम झालं. ही हार्मनीची पद्धत. हार्मनी कंपनी शिकागोचीच. विल्हेल्म शुल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाने १८९२ मध्ये काढलेली, १९१६ मध्ये सिअर्स या मोठ्या व्यापारी कंपनीने विकत घेतलेली, पुढे पुन्हा स्वतंत्र झालेली आणि १९७५ मध्ये बंद पडलेली. मध्यमवर्गी अमेरिकन घरातल्या पोराला पहिली गिटार मिळायची ती बहुतेक या किंवा 'के' नावाच्या कंपनीसारख्या शिकागोच्याच एखाद्या कारखान्यातली. एच नंतरचा आकडा मॉडेलचा, आणि एफ किंवा एस नंतरचे दोन आकडे वर्षाचे. एफ आणि एस म्हणजे नेमके कुठले महिने यावर हौशी लोक तावातावाने भांडतात. वर्षावर कुणी भांडत नाही. तेव्हा ही गिटार १९६४ ची.

इथे काकू अडल्या. "शक्यच नाही. ह्यांनी सिअर्समधून कोरी घेतली होती, एकोणसत्तरला. मी आले त्याच वर्षी." सिअर्समध्ये हार्मनीने बनवलेल्या गिटारी विकल्या जात हे खरं, पण त्यांच्यावर सिल्व्हरटोन हे सिअर्सचं नाव असे. शेवटी अल्बम निघाला. १९७१ च्या एका कृष्णधवल फोटोत काका स्वेटर घालून सोफ्यावर बसलेत, हेडस्टॉक कॅमेऱ्याकडे, स्टिकर अजून लागलेलं नाही. भिंगातून नाव वाचता आलं: हार्मनी. म्हणजे सिअर्सची नव्हे, आणि एकोणसत्तरला घेतली असेल तर कोरी असण्याची शक्यता कमीच. काकू फोटोकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "जुनी घेऊन नवी म्हणून सांगितलं असेल. तेव्हा पैसे कुठे होते?" आणि हसल्या.

मॉडेल कळलं तरी लाकूड स्वतः तपासावं. शिक्का कागदपत्रासारखा, लाकूड म्हणजे प्रत्यक्ष माणूस. एच १६२ ला वर स्प्रूस आणि पाठ-कडांना महॉगनी असते, दोन्ही घन, म्हणजे थर न चिकटवलेलं एकसंध लाकूड. घन की प्लाय, हे बघायच्या दोन जागा. साउंडहोलच्या कापलेल्या कडेवर वरच्या रेषा तशाच खाली उतरताना दिसल्या तर घन. मध्ये आडवा थर दिसला तर प्लाय. दुसरी जागा पाठीची. या गिटारीच्या पाठीला खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर होती. आरशातून आत पाहिलं तर तीच चीर, त्याच जागी, त्याच वळणाची, आतूनही. प्लायवूडला अशी आरपार चीर सहसा जात नाही. काकूंना ती चीर म्हणजे गिटार बाद झाल्याची खूण वाटत होती. मला तीच पावती वाटली.

आज नवख्याला दीडशे डॉलरला जी गिटार मिळते तिची पाठ जवळजवळ हमखास प्लायची असते. साठच्या दशकातल्या मधल्या दरातल्या गिटारीत सबंध घन लाकूड मिळायचं. त्याच कारखान्यातून निघणारी स्टेला एच ९२९ मात्र बर्चची, रंगाने सजवलेली आणि खरोखर स्वस्त. हार्मनी म्हटलं की सगळ्या एकाच मापाने मोजणारे लोक इथे चुकतात, दोन्ही बाजूंनी.

घन लाकूड असूनही किंमत का चढत नाही? एक कारण आतल्या पट्ट्या. मार्टिन कंपनीच्या महागड्या गिटारींसारख्या गिटारीत वरच्या फळीखालच्या मुख्य पट्ट्या फुलीच्या आकारात असतात. हिच्यात त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या आहेत. शिडीची रचना करायला सोपी आणि झटपट. तिचा आवाज कोरडा, ठसठशीत, पटकन विझणारा. बोटांनी ब्लूज वाजवणाऱ्यांना हाच आवाज हवा असतो, बाकीच्यांना तो बोळक्या तोंडाचा वाटतो. शिवाय तारांच्या ओढीला ही रचना तितकी पुरी पडत नाही. पोलादी तारांच्या साध्या हलक्या संचाचा ताण सत्तर किलोच्या आसपास असतो, दिवसरात्र. पन्नास-साठ वर्षांत ब्रिजमागे, म्हणजे तारा फळीवर जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्यामागे, फळी फुगते, साउंडहोलकडे बसते आणि मान हळूहळू पुढे झुकते. मग तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच जातात आणि पंधरा वर्षांच्या पोरीची बोटं सोलतात.

आता किंमत. जाहिरातीत लोक काय मागतात ते मी बघतच नाही. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं. विकल्या गेलेल्यांचे आकडे बघतो, तेही सारख्या अवस्थेतल्या. त्या आठवड्यात मला सापडलेले नीट वाजणाऱ्या एच १६२ चे सौदे साडेतीनशे ते पाचशे डॉलरच्या मध्ये होते. मानेचं काम बाकी असलेल्या, चिरा पडलेल्या शंभर-दीडशेला गेल्या होत्या. हिशेब काकूंच्या स्वयंपाकघरात, किराणाच्या पावतीच्या मागे मांडला. आजची किंमत सव्वाशे. दुकानाचे साडेचारशे, वर चीर, ब्रिज आणि सुट्या पट्ट्यांचे दोनशे तरी. एकूण पावणेआठशे घालून हातात येणार चारशेची वस्तू. दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याच्या तासाचा दर त्याला तेच सांगायला लावतो.

स्वस्त गिटारीत मी किंमत आधी काढतो आणि हत्यार नंतर उचलतो. हजारोंच्या मार्टिनला जे काम शोभतं ते इथे उधळपट्टी ठरतं. आणि इथे जे जुगाड चालून जातात ते मार्टिनवर केले तर लोक मारतील. काकूंना मी तीन गोष्टी सांगितल्या. पॉलिश, नवा रंग, चकचकीत खुंट्या यांवर एक पैसा घालायचा नाही. त्याने किंमत उलट पडते. सुटलेलं सगळं चिकटवायचं, तिथे खर्च फक्त मालाचा. मानेचा निर्णय त्यानंतर. माझी मजुरी म्हणून पुरणपोळी ठरली, ती आगाऊ मिळाली.

मानेचा निर्णय मागे ठेवायला कारण होतं. मापं घेतली तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची ५ मिलिमीटर भरली. पोलादी तारांच्या गिटारीला अडीचच्या आसपास हवी. फ्रेटांवर लांब सरळ पट्टी ठेवून पुढे सरकवली तर ती ब्रिजच्या माथ्याला लागायला हवी; ही ब्रिजच्या पायथ्याशी जाऊन आपटली. बरेच जण इथेच मान काढायला घेतात. पण फळीवर बोटाच्या पेराने टकटक केल्यावर साउंडहोलच्या खालच्या बाजूला फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. एक आडवी पट्टी टोकाला सुटली होती. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं, ते सेंटिमीटरभर आत गेलं. वर कुणीतरी जाड तारांचा संच चढवलेला. म्हणजे ते ५ मिलिमीटर एकट्या मानेचे नव्हते.

जाड तारा उतरवल्या. ब्रिजवरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांखाली बोल्ट होते, ते सोडवले, आणि उरलेला गोंद गरम उलथन्याने हळूहळू कापत ब्रिज वेगळा केला. उलथनं म्हणजे खरंच उलथनं, पातळ पात्याचं, डोशाचं. बायकोने ते पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं नाही.

चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासूनचा जुना गोंद. जुन्या गिटारीत मुळात सरसच असतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो, तो त्याला विरघळवून आपल्यात घेतो. पांढरा फेव्हिकॉलछाप गोंद जुन्या थरावर तसा बसत नाही. इपॉक्सीचं तर नावच नको. पुढच्या माणसाला सांधा उघडताच येत नाही. माझं आजोळ मिरजेचं. सतारमेकर गल्लीतून जाताना लहानपणी नाक धरायचो तोच हा वास. सरसाचे दाणे रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी ते फुगून जेलीसारखे होतात, मग साठ अंशांच्या आसपास गरम ठेवायचे. उकळी आली की ताकद गेली. हातात वेळ मिनिटभराचाच, म्हणून शिकंजे आधी कोरडे लावून रंगीत तालीम करायची आणि मगच सरस.

पाठीची चीर दोन्ही बाजूंनी हलके दाबून सरस आत जिरवला. आतून महॉगनीची चौकोनी ठिगळं लावली, रेषा चिरेला आडव्या येतील अशी. ब्रिजच्या खालचा जुना थर खरवडून तो परत बसवला आणि बोल्ट जिथले तिथे घातले. सुटलेल्या पट्टीखाली सरस सारून आतून छोट्या स्क्रू-जॅकने उचलून धरली. दोन दिवसांनी हलका, अकराच्या मापाचा संच चढवला आणि गिटार आठवडाभर तशीच ताणात ठेवली. हा आठवडा गाळायचा मोह होतो. गाळू नये.

आठवड्यानंतर बाराव्या फ्रेटवर ४.२. पाऊण मिलिमीटरहून जास्त उंची नुसत्या चिकटवण्यात आणि हलक्या तारांत गेली. अडीचला पोहोचायला अजून १.७ हवे होते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथे १.७ उतरवायचे तर तारेच्या टोकाला, सॅडलपाशी (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात), दुप्पट म्हणजे ३.४ उतरावे लागतात. सॅडल ब्रिजच्या वर उभं होतं जेमतेम ३. सॅडल घासून भागणार नव्हतं.

ब्रिजच तासायचा हा एक उपाय असतो, आणि तो मी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गिटारीवर केला आहे. ब्रिज पातळ झाला, तारांचा ब्रिजमागचा कोन सपाट झाला, आवाज गेला, आणि शेवटी ब्रिज भोकांच्या रेषेवर फुटला. ती गिटार अजून माझ्या गॅरेजमध्ये भिंतीवर आहे. मला ती बघून शहाणपण येतं म्हणून.

राहिली मान. तिचा अंगाला टेकणारा जाड बुंधा म्हणजे टाच; ती तासून मान मागे वळवायची. गणित सोपं आहे. टाचेची उंची गुणिले सॅडलपाशी उतरवायची उंची, भागिले सांध्यापासून सॅडलपर्यंतचं अंतर. टाच ९० मिलिमीटर, उतरवायचे ३.४, अंतर २८४. उत्तर १.०८. टाचेच्या तळाशी एक मिलिमीटरच्या जरा वर लाकूड काढायचं आणि वर येताना ते शून्यावर आणायचं. साडेचारशे डॉलर ज्या कामाचे सांगितले होते ते हेच, पोस्टकार्डांच्या चार-पाच जाडीएवढं. पैसे त्या मिलिमीटरचे नसतात, तिथपर्यंत पोहोचण्याचे असतात.

मान अंगात डव्हटेलने बसवलेली असते. पारव्याच्या शेपटीसारखा, आत रुंद बाहेर अरुंद असा खोबणीचा सांधा. वरून पंधरावा फ्रेट उपटला, त्याच्या खाचेतून सांध्याच्या पोकळीपर्यंत दोन बारीक भोकं पाडली. तिथून वाफ सोडायची. वाफेसाठी घरचा जुना प्रेशर कुकर. शिट्टीच्या जागी उष्णता सोसणारी नळी आणि नळीच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावला नाही आणि कुणी लावूही नये. लांब बाह्या आणि चष्मा घालून काम केलं. त्याआधी फिंगरबोर्डचा, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीचा, अंगावर आलेला भाग इस्त्रीने गरम करून त्याच उलथन्याने सोडवून घेतला.

पहिली आठ मिनिटं काहीच होत नाही. नळी फुसफुसते, टाचेखालून तपकिरी पाणी गळतं, गॅरेजभर मिरज. मग टाचेखालचा शिकंजा फिरवताना कट्ट असा ओला आवाज आला आणि मान दोन मिलिमीटर वर उठली. तो आवाज प्रत्येक वेळी पोटात गोळा आणतो, कारण लाकूड फुटल्याचा आवाजही असाच असतो. या वेळी सरसच सुटला होता. टाचेच्या बाजूला वाफेने पॉलिशवर रुपयाएवढा पांढरट डाग पडला, तेवढी माझी चूक. फडकं नीट गुंडाळलं नव्हतं. डाग अजून आहे.

टाच तासायला पटाशी आणि सॅंडपेपरची पट्टी. मान जागेवर धरून टाच आणि अंग यांच्यामध्ये पट्टी घालायची आणि ओढायची, चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. एकीकडे जास्त झालं तर मान डावी-उजवीकडे वळते आणि तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरते. म्हणून दर थोड्या वेळाने दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरा धरून बघायचं. डव्हटेल सैल झाला होता, त्याला महॉगनीच्या पातळ चकत्या लावल्या. कुठे घासतंय ते कळायला सुतार करतात तसा खडू फासला. काढून बघायचं, खडू पुसला गेला असेल तिथे तासायचं. दहा-बारा फेऱ्या झाल्या. सरस न लावता नुसती दाबून मान घट्ट बसली, तेव्हाच सरस लावला.

खुंट्यांना एक थेंब तेल. एका खुंटीचं प्लास्टिकचं बटण हातात भुगा झालं, तेवढं एक नवं. बाकीची पिवळी पाच तशीच, म्हणजे आता एक दात सोन्याचा. फ्रेट हलके समतल केले. सगळा मिळून खर्च ५८ डॉलर. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.५, बारीक तार २.

मध्ये पुण्याहून काकूंच्या दिरांचा फोन आला होता की भावाची आठवण म्हणून गिटार इकडे पाठवा. काकू पाठवायला निघाल्याच होत्या. मी थांबवलं, आणि भावनेचा त्यात भाग नव्हता. या काळातल्या हार्मनीचे ब्रिज आणि फिंगरबोर्ड बऱ्याचदा ब्राझिली शिसवीचे असतात, आणि हिचे तसेच दिसत होते. ते लाकूड १९९२ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये जी सूट मिळाली ती शिसवीच्या इतर जातींना, हिला नाही. परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेली तर विमानतळावर जप्त होऊ शकते, मग ती चारशेची असो की चाळीस हजारांची. दिरांना १९७१ चा तो फोटो मोठा करून पाठवला.

परत देताना पेटीत एक कागद ठेवला: मापं, तारांचा संच, सरसाने केलेले सांधे कुठे कुठे, काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही. पुढे कुणी उघडेल त्याच्यासाठी. आणि काकूंना बजावलं की बेसमेंट बंद, भट्टी चालू झाली की हवा इतकी कोरडी पडते की चीर पुन्हा उघडेल. आर्द्रता ४५ ते ५० टक्के हवी. काकूंनी साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घातला, ती डबी पेटीत ठेवली आणि वर विचारलं, "दोन हजार नाही ना मग?"

"नाही काकू. चारशे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "दोन हजार असते तर हिला हात लावू दिला नसता."

आतल्या खोलीत नात 'जी' नावाची कॉर्ड धरायचा प्रयत्न करत होती. बारीक तार दाबली जात नव्हती, थडथडत होती. पण ती बोटं झटकत नव्हती.